पाण्यावरची मेथी आठव्या दिवशी कोलमडते. चूक नेमकी कुठे होत आहे?

बाल्कनीतली

नमस्कार. आमचे घर कल्याणला पाचव्या मजल्यावर आहे आणि पूर्वेकडच्या बाल्कनीत सकाळी साधारण चार तास चांगले ऊन येते. मातीच्या कुंड्या ठेवल्या की खालच्या घराच्या कपड्यांवर गढूळ पाणी ठिबकते आणि त्यावरून दोनदा बोलाचाली झाली, म्हणून या हिवाळ्यात मातीविना, म्हणजे हायड्रोपोनिक्स पद्धतीने, मेथी लावायचे ठरवले. तीनदा लावली आणि तिन्ही वेळा हाती काही आले नाही.

मांडणी अशी आहे. पाच लिटरचे पारदर्शक प्लास्टिकचे तीन डबे घेतले, त्यांवर थर्माकोलचे झाकण बसवून प्रत्येकाला सहा भोके पाडली आणि भोकांत दोन इंची जाळीचे कप बसवून त्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरले. किराणा दुकानातून आणलेली मेथी रात्रभर भिजवून प्रत्येक कपात एक चिमूट टाकते. एकदा मोजले तेव्हा ते चाळीसएक दाणे भरले. पाणी सोसायटीच्या टाकीतले असून त्यात नळाचे आणि बोअरचे पाणी एकत्र असते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर त्याचे 640 पीपीएम दाखवतो. या पाण्यात लिटरमागे 2 ग्रॅम 19:19:19 हे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत घालते. कपाचा तळ सतत बुडालेला राहावा म्हणून रोज सकाळी पाणी पुन्हा काठोकाठ भरते.

दाणे तिसऱ्या दिवशी छान उगवतात. आठव्या-नवव्या दिवशी मात्र रोपाचे देठ कोकोपीटला टेकते त्याच जागी दोऱ्यासारखे बारीक आणि पाणचट होते आणि वरची दोन पाने हिरवी असतानाच रोप आडवे पडते. कप हुंगला तर कुजट वास येतो. जी रोपे तगतात त्यांची नवी पाने पिवळी पडतात, पण पानांच्या शिरा हिरव्याच राहतात. आता फेब्रुवारी संपत आला आहे आणि दुपारी डब्यातले पाणी 31 अंशांवर जाते. खत वाढवावे, बियाणे बदलावे, की मेथी हे पाण्यावरचे पीकच नव्हे असे समजून नाद सोडावा?

गच्चीवरचा मळा

ताई, आपण सगळे तपशील मोजून लिहिलेत त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. नाशिकला गच्चीवर मी सहा वर्षे पालेभाज्या पाण्यावर घेतो आणि पहिल्या वर्षी माझीही मेथी अशीच झोपली होती. बियाण्यात दोष असता तर तिसऱ्या दिवशी उगवण झालीच नसती, आणि खत वाढवल्यास आज नवव्या दिवशी मरणारी रोपे उद्या सातव्या दिवशी मरतील.

आपण वर्णन केलेला प्रकार म्हणजे रोपवाटिकेत ज्याला रोपे कोलमडणे म्हणतात तोच आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी देठाच्या बुडाशी शिरतात आणि त्यांना लागणाऱ्या तिन्ही गोष्टी, म्हणजे दाटी, सतत ओल आणि कोंडलेली हवा, आपल्या कपात आहेत. मेथीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दाणे रात्रभर भिजवल्यावर जे बुळबुळीत पाणी सुटते, ज्यासाठी आपण मेथीदाणा केसांना लावतो, तोच चिकट थर कपात दाण्यांभोवती राहिला की चाळीस दाण्यांचा मिळून एक लगदा होतो आणि त्यात हवा शिरत नाही. म्हणून भिजवलेले दाणे पिठाच्या चाळणीत घेऊन नळाखाली बोटांनी चोळून चार-पाच पाण्यांनी धुवावेत. चाळणीतले दाणे एकमेकांना न चिकटता खडखडीत सुटे हलू लागले की धुणे पुरे झाले असे समजावे. त्यानंतर ओल्या सुती फडक्यात बांधून मोड आणावेत आणि मोड आलेलेच दाणे कपात ठेवावेत, म्हणजे न उगवणारे दाणे आत कुजत पडत नाहीत.

दोन इंची कपात बारा दाणे पुरेत. मोह होतो हे मान्य, कारण बारा दाणे कपात फार केविलवाणे दिसतात, पण वीस दिवसांनी त्याच कपात बोट घालायला जागा उरत नाही. मेथीला सोटमूळ असते आणि ते मोडले की रोप रुसते, त्यामुळे आधी ट्रेमध्ये उगवून मग कपात हलवण्याचा खटाटोप करू नये. मोड आलेला दाणा सरळ त्याच्या कायमच्या जागी ठेवावा आणि वर कोकोपीटचा जेमतेम दाणा झाकेल इतकाच थर द्यावा.

पाण्याच्या पातळीबद्दल मात्र आपण रोज मेहनत घेऊन नुकसान करत आहात. पंपाविना केलेली ही पद्धत हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे सगळे मर्म पाणी खाली जाऊ देण्यात आहे. सुरुवातीला कपाचा तळ पाण्याला जेमतेम टेकलेला असावा. मूळ जाळीतून बाहेर पडले की पाणी हळूहळू उतरू द्यावे. पाणी आणि झाकण यांच्यामध्ये जी पोकळी तयार होते त्यात मुळांचा वरचा भाग हवेत लोंबतो आणि श्वास घेतो, तर टोके खाली पाणी पितात. आपण रोज काठोकाठ भरता तेव्हा हवेला सरावलेली ती मुळे गुदमरतात. पाणी फार उतरलेच, तर डब्याचा खालचा तिसरा हिस्सा भरेल इतकेच घालावे.

शिवाय पाणी 31 अंशांवर जात असेल तर त्यात प्राणवायूही कमी राहतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास उतरतो, आणि उष्णतेने मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. त्याआधी डबा बाहेरून अॅल्युमिनियमच्या फॉइलने किंवा गडद रंगाने झाकावा, कारण पारदर्शक डब्यात शेवाळ धरते आणि तेही रोपांच्या वाट्याचे खत खाते.

एक सूचना राहिली. झाकण आणि कप यांच्यामध्ये फट ठेवू नये. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यावर वाढतो आणि आपल्याकडच्या उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मेथी मात्र महिनाभर त्याच डब्यात उभी असते.

क्षार आणि सार

वरील उत्तर रोपे आडवी का होतात याचे आहे आणि ते मला पूर्णपणे पटते. पिवळ्या पानांचे कारण मात्र वेगळे असून ते पाण्यात आणि खतात आहे. मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र कमी पडले असते तर आधी जुनी, खालची पाने पिवळी पडली असती, कारण रोप जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देऊ शकते, पण लोह तसे हलवता येत नाही. आता लोह का मिळत नाही ते पाहू. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते आणि ते पाण्याचा सामू, म्हणजे पीएच किंवा आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल), वर खेचते. पालेभाज्यांच्या पाण्याचा पीएच 5.5 ते 6.5 असावा लागतो. तो साडेसाताच्या पुढे गेला की लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात पीएच तपासण्याचे थेंब मिळतात, त्यांनी आधी खात्री करून घ्यावी.

आता आपले 640. घरगुती मीटर बहुधा पाण्याची विद्युत वाहकता मोजून तिला 500 ने गुणतो आणि आकडा दाखवतो. म्हणजे आपल्या पाण्याची वाहकता खत घालण्यापूर्वीच 1.28 (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) आहे. मेथीसारख्या पालेभाजीला खतासह साधारण 1.2 ते 1.6 पुरते, तेव्हा ताटात पंगत बसण्यापूर्वीच मिठाने जागा अडवली आहे असे म्हणावे लागेल. यावर सोपा मार्ग म्हणजे घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी दोन भाग आणि टाकीचे पाणी एक भाग असे मिसळणे. मात्र त्याच यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी चुकूनही वापरू नये. काटकसर म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात, पण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

खताविषयी थोडे परखड लिहितो. 19:19:19 हे जमिनीतील पिकांना ठिबकातून किंवा फवारणीतून देण्यासाठी उत्तम खत आहे, पण त्यातले निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. मातीतले जिवाणू युरियाचे रूपांतर अमोनियात आणि पुढे नायट्रेटमध्ये करतात. आपल्या डब्यात ती यंत्रणा नाही. युरिया पाण्यात वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तो मीटरला दिसतही नाही आणि आपण आकडा वाढत नाही म्हणून आणखी खत घालतो. या खतात कॅल्शियम तर अजिबात नाही. म्हणून हायड्रोपोनिक्ससाठी मिळणारे ए आणि बी अशा दोन बाटल्यांचे द्रावण घ्यावे. ते दोन बाटल्यांत का असते, असा प्रश्न वर्गात हमखास येई. एका बाटलीत कॅल्शियम नायट्रेट असते आणि दुसरीत सल्फेट व फॉस्फेट. दोन्ही दाट अवस्थेत एकत्र केली की तळाशी पांढरा साका बसतो, जो जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा असतो आणि झाडाच्या काहीच उपयोगाचा नसतो. म्हणून आधी डब्यात पाणी घ्यावे, त्यात ए घालून ढवळावे आणि मगच बी घालावे.

मेथी द्विदल वर्गातील असल्यामुळे तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र घेतील, मग खत कशाला, असा एक युक्तिवाद वाचनात येतो. त्या गाठी रायझोबियम वर्गातील जिवाणूंमुळे होतात, ते जिवाणू किराणा दुकानातल्या दाण्यांसोबत डब्यात येतीलच असे नाही, आणि पाण्यात नायट्रेट असले की रोप गाठी करण्याचे कष्ट घेत नाही. त्यामुळे त्या भरवशावर राहू नये.

पीएच उतरवण्यासाठी लिंबू पिळण्याचा सल्ला बराच फिरतो. लिंबाने पीएच उतरतो हे खरे, परंतु सायट्रिक आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत आकडा पुन्हा वर जातो. विकत मिळणारे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण हातमोजे घालून, थेंबाथेंबाने वापरणे बरे.

वसईकर वाडी

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही मला एक वेगळी बाजू मांडावीशी वाटते. एवढ्या मीटर, बाटल्या आणि थेंबांची गरज मेथीला खरोखर आहे का?

मुंबईच्या बाजारात समुद्र मेथी म्हणून जी अंगठ्याएवढी जुडी मिळते, ती किनाऱ्यालगतच्या रेतीत वाढलेली असते. रेतीत अन्न जवळजवळ नसते, पण दोन पानांवरची मेथी खाण्यासाठी बाहेरचे अन्न लागतच नाही. दाण्यात जी शिदोरी असते तीच तिला दहा-बारा दिवस पुरते. पाण्याचा निचरा झरझर होतो, बुडाशी हवा खेळती राहते, म्हणून दाणे दाट पेरूनही ती कोलमडत नाही. उपटली की पांढरेशुभ्र मूळ अखंड हातात येते. आमच्याकडे ती मुळांसकट अनेक पाण्यांनी धुऊन लसणाच्या फोडणीवर परततात, आणि धुण्यात कंटाळा केला तर पहिल्याच घासाला दातांखाली कचकच येते.

घरी हे करायचे तर समुद्राची वाळू आणू नये, कारण तिच्यात मीठ असते आणि किनाऱ्यावरून वाळू उचलणे योग्यही नव्हे. बांधकामाची जाडसर वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवावी, तळाला भोके असलेल्या पसरट ट्रेमध्ये चार बोटे थर द्यावा, मोड आलेले दाणे एकमेकांवर चढणार नाहीत असे पसरून वर वाळूचा हलका हात फिरवावा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. ट्रेखाली परात ठेवली तर खालच्या घराचे कपडेही कोरडे राहतील.

हे हायड्रोपोनिक्स नव्हे, असे कोणी म्हणेल. पण वाळू किंवा खडी केवळ आधाराला घेऊन अन्न पाण्यातून देणे हाही त्याचाच प्रकार आहे, आणि आपल्या देशात 1946 साली कालिम्पोंगला शोल्टो डग्लस यांनी सुरू केलेले प्रयोग अशाच साध्या, पंपाविना चालणाऱ्या मांडणीचे होते. पुढे ती बंगाल पद्धत म्हणून ओळखली गेली.

गच्चीवरचा मळा

वसईकर, आपली सूचना बिनतोड आहे, फक्त एक फरक नोंदवतो. रेतीतली मेथी ही दोन पानांची मेथी. ज्यांना पराठ्याला किंवा पीठ पेरून करायच्या भाजीला तीन-तीन पानांची, निवडायला लागणारी मेथी हवी आहे, त्यांना महिनाभर थांबावे लागते आणि तेवढ्या काळाला दाण्यातली शिदोरी पुरत नाही. तरी ताईंनी खर्चाची अपेक्षा रास्त ठेवावी. अठरा कपांतून बाजारातल्या एका भरगच्च जुडीइतकी मेथी निघाली तर उत्तम समजावे. जुडीचा भाव पडला की इकडचा शेतकरी उभ्या मेथीत नांगर घालतो, तेव्हा पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग कोणी करू नये.

राइनकाठी

मी जर्मनीत राहते आणि खिडकीत मेथी लावते, म्हणून बियाण्याबद्दल दोन शब्द लिहिते. 2011 साली इथे ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची मोठी साथ आली, तिच्यात 50 हून अधिक माणसे दगावली, आणि आधी काकडीवर आळ येऊन अखेर तपास कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मोडांपर्यंत आणि त्यातही इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांपर्यंत पोहोचला. दाण्यावर बसलेला जिवाणू मोड येण्याच्या उबदार ओलाव्यात झपाट्याने वाढतो. आपण मेथी शिजवून खातो तेव्हा हा धोका फारसा उरत नाही, पण कोवळी मेथी कोशिंबिरीत कच्ची घालण्याची नवी आवड आहे, तिथे लहान मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत जपावे.

दुसरे असे की शेतीच्या दुकानातून आणलेले बियाणे गुलाबी किंवा निळसर दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. दहा-बारा दिवसांत खायच्या मेथीसाठी ते अजिबात वापरू नये. किराणा दुकानातलीच मेथी बरी, फक्त आधी पन्नास दाणे फडक्यात बांधून किती उगवतात ते पाहावे.

बाल्कनीतली

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

आधी पीएच तपासला. थेंब टाकल्यावर नळीतले पाणी निळे झाले आणि सोबतच्या पट्टीवर तो रंग 8 च्या जवळ निघाला, म्हणजे सरांचे निदान अचूक होते. आरओचे दोन भाग आणि टाकीचा एक भाग पाणी घेऊन मीटरवर 240 आले आणि त्यात ए व बी घालून 700 पर्यंत नेले. तीनपैकी दोनच डबे वापरले, त्यांना फॉइल गुंडाळून वर ओले गोणपाट बांधले. दुपारचे तापमान 31 वरून 27 वर आले, पण गोणपाट दिवसातून तीनदा भिजवावे लागते आणि मी कामावर असते त्या दिवशी ते सासूबाई करतात.

दाणे चाळणीत चोळून धुतले आणि बारा-बारा मोजून ठेवले. नवव्या दिवशी धडधडत्या छातीने पाहिले, तर 144 पैकी पाच रोपे पडली होती, बाकीची ताठ होती. बीजपत्रांच्या मधून पहिले खरे पान एकटे येते आणि त्रिदळ पाने त्यानंतर सुरू होतात हे मी इतकी वर्षे मेथी निवडूनही कधी पाहिले नव्हते. पाणी उतरू देणे मात्र जिवावर आले. डबा निम्मा रिकामा दिसला की हात आपोआप तांब्याकडे जाई. पंधराव्या दिवशी झाकण उचलले तेव्हा पोकळीतली मुळे पांढरी, बारीक लव आल्यासारखी दिसत होती आणि कुजट वास अजिबात नव्हता.

एकोणतिसाव्या दिवशी एका डब्यातली मेथी उपटली आणि दुसऱ्यातली दोन बोटे देठ ठेवून कापली. दोन्ही मिळून 180 ग्रॅम भरली. वसईकरांच्या सांगण्याप्रमाणे वाळूचा ट्रेही लावला होता. त्यात 35 ग्रॅम दाणे घातले आणि बाराव्या दिवशी मुळांसकट 240 ग्रॅम मेथी निघाली, तीही खताचा थेंब न घालता. सासूबाईंच्या मते वाळूतली मेथी चवीला सरस आहे आणि पाण्यावरची जरा मवाळ, कडूपणा कमी असलेली. माझ्या मुलाला त्याच कारणासाठी पाण्यावरची आवडली, तेव्हा घरात दोन तट पडले आहेत.

कापलेल्या देठांना बाजूने नवे कोंब फुटले आहेत, पण एप्रिलच्या उन्हात पाने बारीक येत आहेत आणि काल एका रोपाला पांढरे फूल दिसले. म्हणून तो डबा उद्या रिकामा करून धुऊन ठेवते. उन्हाळ्यात वाळूचा ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत चालू राहील आणि डबे आता ऑक्टोबर सरल्यावर काढेन.